भाव कसा लावायचा? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात किंमत या विषयावर प्रश्न मागवले होते आणि पत्रांचा ढीग आला. वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, लोक माल चांगला व्हावा म्हणून महिनोनमहिने घासतात, पॅकिंगचा रंग कुठला घ्यायचा यावर घरात चर्चा झडतात, आणि किंमत मात्र पाच मिनिटांत ठरते, ती पण दुसऱ्याची बघून. हे बदलायला हवं असं मला अगदी मनापासून वाटतं, कारण धंद्यातला हा एकच आकडा असा आहे की जो बदलायला नवीन मशीन लागत नाही, जास्तीचा माणूस लागत नाही, आणि तरी सगळा नफा त्याच्यावर हलतो. सगळी पत्रं छापणं शक्य नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून टाकलीत.

प्रश्न: मी घरून कापडी बॅगा शिवून विकते. कापड, चेन, अस्तर, दोरा यांचा खर्च काढते आणि त्यावर २० टक्के चढवते. मोठी ऑर्डर असली की १५ टक्के सूट देते. ऑर्डरी भरपूर आहेत, हाताला उसंत नाही, पण महिन्याच्या शेवटी काहीच उरत नाही. कुठे गळतंय?

ताई, आधी तुमचेच आकडे घेऊ. १०० चा माल, त्यावर २० चढवले, किंमत झाली १२०. आता १२० वर १५ टक्के सूट म्हणजे १८ गेले, राहिले १०२. म्हणजे ज्या ऑर्डरला तुम्ही सगळ्यात जास्त राबता त्या ऑर्डरमध्ये १०० च्या मालामागे तुम्हाला २ सुटतात, आणि त्या २ मध्ये शिलाईची मेहनत, मशीनची झीज, वीज, कुरिअर, बिघडलेला पीस, एखाद्याने पैसे बुडवले तर ते, हे सगळं बसवायचंय. कसं बसणार? चढवताना टक्के खर्चावर धरतो आणि सूट देताना किंमतीवर, त्यामुळे दोन्ही आकडे दिसायला एका जातीचे वाटतात पण नसतात. खर्चावर २५ टक्के चढवले तर किंमतीतला नफा २० टक्केच असतो, ५० चढवले तर ३३. हा हिशोब एकदा कागदावर करून भिंतीला लावून ठेवा, सूट द्यायच्या आधी त्याच्याकडे बघायचं.

दुसरं, तुम्ही स्वतःला पगार धरलेलाच नाही. पत्रात कापड आहे, चेन आहे, दोरासुद्धा आहे, तुम्ही कुठेच नाही! हे इतक्या पत्रांत दिसलं की वाईट वाटलं, आणि घरून काम करणाऱ्या बायकांच्या पत्रांत तर फारच. काही दिवस घड्याळ लावून लिहा की एका बॅगेला खरोखर किती वेळ जातो, कटिंग, शिलाई, फोटो काढणं, गिऱ्हाइकाच्या मेसेजला उत्तरं देणं, पॅकिंग, सगळं धरून. मग विचार करा, हेच काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलं असतं तर तासाला काय मोजावं लागलं असतं. तो आकडा खर्चात जातो. नफा त्याच्या पुढे सुरू होतो, आणि नफा कशासाठी तर उद्या मशीन बंद पडलं किंवा एखादा महिना कोरडा गेला तर धंदा टिकावा यासाठी.

तिसरी गोष्ट जरा किचकट आहे. काही खर्च प्रत्येक बॅगेमागे होतो, कापडासारखा. काही खर्च बॅग विकली काय नाही विकली काय, होतोच, म्हणजे भाडं, मशीनचा हप्ता, इंटरनेट. हा दुसरा खर्च एका बॅगेवर किती टाकायचा? बॅगा १०० विकल्या तर जास्त पडतो, ५०० विकल्या तर कमी. पण किती विकल्या जातील ते किंमतीवर अवलंबून, आणि किंमत तर आपण खर्चावरून काढायला बसलोय. म्हणजे गोल फिरत राहतो आपण. यात एक धोका लपलेला आहे, विक्री घटली की एका नगामागचा खर्च वाढलेला दिसतो, मग माणूस किंमत वाढवतो, मग विक्री अजून घटते. जनरल मोटर्समध्ये डोनाल्डसन ब्राउन नावाचे फायनान्सचे अधिकारी होते, त्यांनी १९२४ मध्ये यावर लिहिलं होतं. त्यांचा उपाय असा की यंदा खप कमी झाला किंवा जास्त झाला म्हणून खर्च वरखाली करत बसायचं नाही, चांगली आणि वाईट वर्षं मिळून कारखाना सरासरी किती चालतो तो एक ठराविक आकडा धरायचा आणि एका गाडीवरचा खर्च त्याच्यावरून काढायचा. तुम्हीपण तसंच करा. गेल्या वर्षभरात साधारण महिन्याला किती बॅगा गेल्या तो आकडा धरा, सणासुदीचा महिना धरू नका आणि सगळ्यात पडेल महिनाही धरू नका.

आता एवढं सगळं केलं की जो आकडा येईल ती तुमची किंमत नव्हे, हे लक्षात ठेवा. ती फक्त खालची रेघ आहे, हिच्या खाली विकलं तर तुम्ही पदरचे पैसे घालताय. वरची रेघ गिऱ्हाईक ठरवतं. त्याने तुमची बॅग घेतली नाही तर तो काय घेईल, ती वस्तू त्याला केवढ्याला पडेल, आणि तुमच्या बॅगेत तिच्यापेक्षा काय जास्त मिळतं (आणि काय कमी, तेही प्रामाणिकपणे), यावरून वरची रेघ निघते. दुकानातली बॅग वर्षात उसवते आणि तुमची चार वर्षं टिकते, तर त्या तीन वर्षांची काहीतरी किंमत आहे ना? पण गिऱ्हाइकाला ते माहीत असलं तरच. तुम्ही सांगितलंच नाही तर त्याच्यासाठी दोन्ही बॅगा सारख्याच.

खालच्या आणि वरच्या रेघेत जागा असेल तर धंदा आहे. जागाच नसेल तर किंमत बदलून काही होणार नाही, वस्तू बदलायला हवी किंवा गिऱ्हाईक बदलायला हवं. आणि पुढे कधी दुकानात माल ठेवायचा विचार असेल तर आत्ताच त्याची सोय करून ठेवा. दुकानदाराने विक्रीच्या किंमतीतले ४० टक्के मागितले तर १२० च्या बॅगेचे तुमच्या हातात ७२ येतील, म्हणजे नुसत्या मालाचे १०० पण निघणार नाहीत.

प्रश्न: मोठ्या कंपन्यांत नेमकं कोण आणि कसं ठरवतं? त्यांच्याकडे काहीतरी फॉर्म्युला असणारच.

असणार असं अर्थशास्त्रज्ञांनाही वाटायचं. ऑक्सफर्डमधल्या हॉल आणि हिच या दोघांनी सरळ उद्योजकांनाच जाऊन विचारलं, ३८ धंद्यांतल्या लोकांना, आणि १९३९ मध्ये ते प्रसिद्ध केलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत लिहिलेलं होतं की जास्तीच्या एका नगाने उत्पन्न किती वाढतं आणि खर्च किती वाढतो ते मोजून कंपन्या किंमत ठरवतात. बहुतेकांनी सांगितलं की आम्ही असलं काही मोजत नाही, पूर्ण खर्च काढतो आणि वर नेहमीचा नफा टाकतो. म्हणजे बॅगवाल्या ताई करतात तेच, फक्त जास्त नीट. आजही खूप कंपन्या असंच करतात कारण ते सोपं आहे आणि वरच्या साहेबाला समजावता येतं.

पण उलट्या बाजूने जाणारेही आहेत, आणि मला ती पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. हेन्री फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ ला आली तेव्हा साधारण ८५० डॉलरला होती आणि पुढे १९२० च्या दशकात ती ३०० डॉलरच्या खाली आली. फोर्डचं म्हणणं असं की मी आधी किंमत खाली आणतो आणि मग त्या किंमतीत बसेल असा खर्च करायला कारखान्याला भाग पाडतो, खर्च हा काही देवाने ठरवून दिलेला आकडा नाही. पुढे जपानी गाडी कंपन्यांनी, टोयोटाने खास करून, याची पक्की पद्धतच बसवली. लोक या गाडीला किती देतील ते आधी, त्यातून आपल्याला हवा तो नफा वजा, जे उरलं तेवढ्यात इंजिनिअरने गाडी बसवायची. सीटपासून स्क्रूपर्यंत प्रत्येक भागाला आपला आपला कोटा.

कोण ठरवतं याचं खरं उत्तर म्हणजे भांडण होऊन ठरतं. सेल्सवाल्याला कमी हवी असते कारण त्याचं टार्गेट नगांवर असतं, फायनान्सवाल्याला जास्त हवी असते, मार्केटिंगवाला म्हणतो ब्रँड स्वस्त दिसता कामा नये. ज्या कंपनीत सेल्सच्या माणसाला पाहिजे तेवढी सूट द्यायची मुभा असते तिथे छापील किंमत एक असते आणि खिशात येणारी भलतीच, आणि कित्येकदा मालकाला त्या दोघांतलं अंतर माहीतही नसतं.

प्रश्न: विमानात माझ्या शेजारच्याने तिकीट माझ्या निम्म्या पैशात काढलं होतं. तीच सीट, तेच विमान. ही सरळ सरळ लूट नाही का?

तुमचा राग समजू शकतो पण यामागचं कारण समजून घ्या. विमान उडालं की रिकामी सीट कायमची गेली, ती उद्या विकता येत नाही. आणि एक प्रवासी जास्त बसला तर कंपनीचा जास्तीचा खर्च अगदी किरकोळ. मग रिकामी नेण्यापेक्षा कमी पैशात भरलेली बरी. पण सगळ्यांनाच कमी पैशात दिली तर विमानाचा खर्च निघत नाही. मग करायचं काय, तर ज्याला काहीही करून उद्या सकाळीच पोचायचंय त्याच्याकडून जास्त आणि ज्याचं जाणं पुढे मागे होऊ शकतं त्याच्याकडून कमी. आता कोण कुठला हे माणसाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, म्हणून अटी घालतात.

अमेरिकेत १९७८ ला विमानभाड्यावरची सरकारी बंधनं उठवायचा कायदा झाला आणि पीपल एक्सप्रेससारख्या स्वस्त कंपन्या आल्या. अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये त्यांना उत्तर दिलं. पीपल एक्सप्रेसला टक्कर देईल एवढं स्वस्त तिकीट काढलं, पण ते बरेच दिवस आधी घ्यावं लागायचं आणि रद्द केलं तर पैसे परत नाही. धंद्याच्या कामाने जाणाऱ्याला या अटी जमत नाहीत, त्याची मीटिंग परवा ठरते, तो आपोआप महाग तिकीट घेतो. आणि स्वस्त सीटा किती सोडायच्या, शेवटच्या क्षणी येणाऱ्या महाग गिऱ्हाइकासाठी किती राखून ठेवायच्या, हे कॉम्प्युटर दर विमानामागे ठरवायचा. पीपल एक्सप्रेसकडे तसली सिस्टीम नव्हती. दोनेक वर्षांत ती कंपनी विकली गेली.

ही युक्ती काही विमानापासून सुरू झाली असं नाही. ज्युल द्युपुई नावाचा फ्रेंच इंजिनिअर होता, त्याने १८४९ मध्ये लिहून ठेवलंय की रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर का नसतं. छपराचा खर्च वाचवायला नव्हे, तो फार नव्हताच. दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणाऱ्याने तिसऱ्यात बसू नये म्हणून. म्हणजे गरिबाला भिजवायचं ते श्रीमंताला घाबरवायला. वाचून अंगावर येतं पण तेच तर्कशास्त्र आजही चालू आहे. आयबीएमने १९९० मध्ये एक स्वस्त लेझर प्रिंटर काढला, तो महागड्या प्रिंटरच्या निम्म्या वेगाने छापायचा, मिनिटाला १० ऐवजी ५ पानं, आणि तो हळू चालावा म्हणून त्यात मुद्दाम जास्तीची व्यवस्था बसवली होती. म्हणजे हळू प्रिंटर बनवायला खर्च कमी येत नव्हता.

मग लूट आहे का? माझं मत विचाराल तर अट सगळ्यांसाठी खुली आणि आधीपासून माहीत असेल तर नाही. विद्यार्थ्याला सवलत, दुपारचा स्वस्त शो, आधी बुकिंग करणाऱ्याला कमी भाव, यामुळे ज्यांना एरवी परवडलंच नसतं असे लोक आत येतात. पण माणूस कोण आहे ते गुपचूप बघून, त्याला न सांगता, त्याच्यापुरता आकडा वाढवणं मला पटत नाही आणि लोकांनाही पटत नाही. ॲमेझॉनने २००० मध्ये डीव्हीडीचे दर वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळे दाखवून बघितले, ते लोकांच्या लक्षात आलं, एवढा आरडाओरडा झाला की कंपनीला माफी मागून जास्त घेतलेले पैसे परत करावे लागले. दर रँडम होते असं कंपनीने सांगितलं होतं, तरीही.

प्रश्न: ९९, ४९९, ९९९ असे भाव का असतात? लोकांना एवढं कळत नाही का?

कळतं हो, पण आपण आकडा डावीकडून वाचतो आणि पहिला अंक डोक्यात बसतो, ४९९ हे चारशेच्या घरातलं वाटतं. शिवाय सवयीने ९ म्हणजे स्वस्त, सेलमधला, असं मनात जुळलेलं असतं. अँडरसन आणि सिमेस्टर या अमेरिकन संशोधकांनी एका कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये तोच ड्रेस ३४, ३९ आणि ४४ डॉलर अशा तीन किंमतींना लावून बघितला तर ३९ ला सगळ्यात जास्त गेला, ३४ पेक्षाही जास्त. पण याचा अर्थ सगळीकडे ९ लावा असा घेऊ नका. ज्या वस्तूत किंवा सेवेत विश्वास आणि दर्जा विकायचाय, सल्ला, दागिना, ऑपरेशन, तिथे ९९ वाला आकडा उलट हलका वाटतो. तिथे गोल आकडा ठेवा.

प्रश्न: आमचं फर्निचरचं काम आहे. समोर एकाने दुकान टाकलंय आणि भाव १० टक्क्यांनी पाडलेत. आम्हीही पाडावेत का? मुलगा म्हणतो पाडू, मी थांबा म्हणतो.

काका, पाडायच्या आधी मुलाला घेऊन बसा आणि हा हिशोब करा. समजा एक टेबल १०० ला जातं आणि लाकूड, मजुरी, पॉलिश असा त्या टेबलामागचा खर्च ७० आहे. सुटतात ३०. किंमत १० टक्के पाडली, ९० झाली, खर्च तोच, सुटतात २०. आता पूर्वीएवढेच पैसे हातात यायला दीडपट टेबलं विकावी लागतील. दीडपट! तेवढी गिऱ्हाइकं आहेत का, आणि असली तर तेवढे कारागीर आहेत का? २० टक्के पाडली तर सुटतात १० आणि विक्री तिप्पट लागते. उलटं करून बघा, १० टक्के वाढवली तर सुटतात ४०, म्हणजे चौथा हिस्सा गिऱ्हाईक गेलं तरी तुम्ही होता तिथेच असता, आणि काम कमी. मार्जिन जितकं बारीक तितका सूट देण्याचा खड्डा खोल, हे लोकांच्या लक्षातच येत नाही कारण १० टक्के ऐकायला लहान वाटतात.

दुसरं म्हणजे तुम्ही पाडलेत की तोही अजून पाडणार, मग तुम्ही, आणि शेवटी दोघांच्या गिऱ्हाइकांना कमी भावाची सवय लागलेली असते. एकदा खाली आणलेली किंमत वर नेणं फार जड जातं. त्यामुळे आधी बघा, तुमची गिऱ्हाइकं खरंच जातायत का, आणि जातायत ती कुठली. पक्की, वर्षानुवर्षांची माणसं जात नसतील तर त्यांना फुकट सूट कशाला? फक्त भावावर येणारं गिऱ्हाईक जात असेल तर त्याच्यासाठी साधं, कमी कोरीवकाम असलेलं एक वेगळं टेबल वेगळ्या नावाने काढा आणि मूळ मालाचा भाव तसाच ठेवा. डिलिव्हरी, दुरुस्तीची हमी, जुनं फर्निचर घेऊन जाणं, अशा गोष्टी देता येतात, त्या मागेही घेता येतात.

तरी एक सांगतो, सूट हा प्रकार पूर्ण वाईट असंही समजू नका. अमेरिकेतल्या जे सी पेनी या मोठ्या दुकान साखळीत २०१२ मध्ये रॉन जॉन्सन या नव्या प्रमुखाने सततचे सेल आणि कूपन बंद करून वर्षभर एकच खरी किंमत ठेवली. कागदावर किती सरळ आणि प्रामाणिक! त्या एका वर्षात विक्री साधारण २५ टक्क्यांनी घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं. वर्षानुवर्षं त्या दुकानाने गिऱ्हाइकाला सेलवरून चांगला भाव ओळखायला शिकवलं होतं, ती खूणच एका रात्रीत काढून टाकली. म्हणून मी मुलाला एवढंच सांगेन की सूट द्यायची सवय लावणं सोपं असतं, सोडवणं महागात पडतं.

प्रश्न: कच्चा माल वाढलाय पण भाव वाढवायची भीती वाटते. लोक काय म्हणतील?

लोक काय म्हणतात यावर चांगला अभ्यास झालेला आहे. डॅनियल काह्नेमान, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी लोकांना विचारलं की एक दुकान बर्फ उपसायची फावडी १५ डॉलरला विकतंय, रात्री मोठं बर्फ पडलं आणि सकाळी दुकानदाराने भाव २० केला, हे योग्य आहे का. ८२ टक्के लोक म्हणाले नाही. हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला तर बहुतेकांना ते मान्य असतं. म्हणजे माझ्या अडचणीचा फायदा घेतला असं वाटलं की राग, आणि त्याचीच अडचण आहे असं कळलं की समजूत. तुमचं कारण दुसऱ्या प्रकारचं आहे, मग घाबरायचं काय? कारण सांगा, कधीपासून ते आधी सांगा, जुन्या ऑर्डरी जुन्या भावाने पूर्ण करा.

आणि वर्षानुवर्षं भाव न वाढवण्यात काही पुण्य नाही. कोका कोला, आधी ग्लास आणि पुढे बाटली, १८८६ पासून १९५९ पर्यंत अमेरिकेत ५ सेंटला होता, सत्तर वर्षांवर. त्यामागे एक मोठं कारण असं की १८९९ मध्ये कंपनीने बाटली भरणाऱ्यांशी ठराविक भावाने सिरप द्यायचा करार केला, त्यामुळे बाटली स्वस्त ठेवून खप वाढवण्यातच कंपनीचा फायदा होता, म्हणून तिने जिकडेतिकडे ५ सेंटच्या जाहिराती लावून भाव बांधूनच टाकला. तो करार पुढे बदलला पण तोवर सगळीकडे मशीनं बसायला लागली, आणि ती फक्त ५ सेंटचं नाणं घ्यायची. पुढचं नाणं १० सेंटचं, म्हणजे वाढवायचं तर एकदम दुप्पट. शेवटी १९५३ मध्ये कंपनीच्या प्रमुखांनी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना साडेसात सेंटचं नवीन नाणं काढा म्हणून विनंती केली! ते काही झालं नाही. आपण छापील आकडा, मशीन, करार, ब्रोशर यांत किंमत इतकी घट्ट अडकवून ठेवू नये की हलवताच येणार नाही.

काही कंपन्या भाव तोच ठेवतात आणि पाकिटातला माल कमी करतात. माझा याला विरोध आहे. वजन छापलेलं असतं म्हणून कायद्यात बसतं, पण ज्या दिवशी गिऱ्हाइकाच्या लक्षात येतं त्या दिवशी त्याला फसवल्यासारखं वाटतं आणि मग तो तुमच्या खऱ्या वाढीवरही विश्वास ठेवत नाही.

प्रश्न: आमच्या धंद्यातले सगळे मिळून एकच भाव ठरवू म्हणतायत, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. काही हरकत?

आहे, मोठी हरकत आहे, त्या मीटिंगला जाऊ नका. स्पर्धकांनी मिळून भाव ठरवणं बहुतेक देशांत गुन्हा किंवा दंडाचं काम आहे, अमेरिकेत तर १८९० च्या शर्मन कायद्यापासून. जनावरांच्या खाद्यात घालतात त्या लायसीनच्या आणि सायट्रिक ॲसिडच्या भावावरून कंपन्यांनी असंच संगनमत केलं होतं, १९९६ मध्ये त्यातल्या आर्चर डॅनियल्स मिडलंड कंपनीने गुन्हा कबूल करून १०० दशलक्ष डॉलर दंड भरला आणि पुढे तिचे अधिकारी तुरुंगात गेले. दुसऱ्याचा भाव बघून तुम्ही स्वतः तुमचा ठरवला तर त्याला सहसा कुणी हरकत घेत नाही. बसून, बोलून, ठरवून केला की प्रकरण वेगळं होतं, मग ते चहा पिताना का असेना.

प्रश्न: मी एक ऑनलाइन कोर्स बनवलाय. एकदा रेकॉर्ड झाला, आता पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे मला जवळजवळ शून्य खर्च आहे. मग खर्चावरून किंमत काढणार कशी? कमी ठेवली तर जास्त लोक येतील असं वाटतं.

तुमच्याकडे खालची रेघ जवळपास जमिनीवर आहे, त्यामुळे ती काहीच सांगत नाही, सगळं वरच्या रेघेवर. आणि तिथेच लोक घाबरून किंमत शून्याच्या जवळ नेतात. पण स्वस्त ठेवली की जास्त लोक येतील हे दरवेळी होत नाही, शिकवण्यासारख्या गोष्टीत आतला दर्जा आधी तपासता येत नाही, मग माणूस किंमतीवरूनच अंदाज बांधतो, आणि फार स्वस्त असेल तर त्याला वाटतं यात काही नसणार.

पीटर व्हॅन वेस्टेनडॉर्प या डच अर्थशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये एक साधी पद्धत सांगितली, ती तुम्ही घरबसल्या करू शकता. संभाव्य विद्यार्थ्यांना चार गोष्टी विचारायच्या. किती किंमत असेल तर इतकं स्वस्त वाटेल की दर्जावर शंका येईल, कितीला चांगला सौदा वाटेल, कितीला महाग वाटायला लागेल पण तरी विचार कराल, आणि कितीच्या पुढे विषयच संपला. उत्तरं एकत्र मांडली की एक पट्टा दिसतो ज्याच्यात बहुतेकांची उत्तरं बसतात. ओळखीच्यांना विचारू नका, ते तुमचं मन राखतील. आणि लोक बोलतात तसं वागतातच असं नाही, त्यामुळे हा पट्टा फक्त सुरुवात म्हणून घ्या, खरी परीक्षा पैसे मागितल्यावरच होते. एका बॅचला एक किंमत, पुढच्या बॅचला जरा जास्त, आणि दोन्ही वेळा किती आले एवढंच न बघता एकूण पैसे किती जमले आणि किती जणांनी कोर्स पूर्ण केला तेही लिहून ठेवा.

एकाच किंमतीवर अडून बसायची पण गरज नाही. नुसते व्हिडिओ एका किंमतीला, व्हिडिओ आणि तुम्ही वही तपासून देणार असं दुसऱ्या किंमतीला, आणि समोरासमोर वेळ देणार ते तिसऱ्या. तिसऱ्यात तुमचे तास जातात, तिथे बॅगवाल्या ताईंना सांगितलेला घड्याळाचा हिशोब तुम्हालाही लागू. पहिल्यात मात्र मुद्दाम काही बिघडवून ठेवू नका, आयबीएमच्या प्रिंटरसारखं. ज्याच्याकडे पैसे कमी आहेत तो विद्यार्थी पण शिकायलाच आलेला आहे, त्याला जे देताय ते पूर्ण द्या, आणि महाग पॅकेजमध्ये खरोखरचं काहीतरी जास्त घाला.

किंमत जाहीर करताना ती कुठल्या तारखेपर्यंत लागू आहे ते लिहा. पुढच्या बॅचला बदलायची मोकळीक तुम्हाला राहते आणि आत्ता येणाऱ्यालाही माहीत असतं की त्याच्याकडून काय घेतलं गेलं आणि का.